जंगलतोडीच्या जुन्या हत्यारांची दुसरी पाळी

अमेरिकेच्या ईशान्येकडील पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मेन या राज्यांतल्या जुन्या बाजारांत गंजक्या लोखंडाच्या ढिगातून कधीकधी एक अनोळखी वस्तू बाहेर येते. हातभर लांबीचा दांडा आणि त्याच्या टोकाला तीन-चार बोटे रुंदीचे, किंचित बाक दिलेले, कोपरे गोल केलेले पाते. कुऱ्हाड म्हणावी तर घाव घालण्याइतके वजन नाही. छिन्नी म्हणावी तर धार बोथट. खुरपे म्हणावे तर जाडी फार. ते नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते आणि बागकामाचे अवजार म्हणून ते स्वस्तात निघते. जाणकार संग्राहक मात्र आधी पात्याची कड अंगठ्याने चाचपून पाहतो. कड बोथट लागली की त्याची खात्री पटते, कारण हे झाडाची साल सोलण्याचे हत्यार आहे. अमेरिकन लाकूडतोडे त्याला ‘बार्क स्पड’ म्हणत. साल आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत शिरून दोघांना वेगळे करणे एवढेच त्याचे काम. धार जास्त झाली तर पाते लाकडात रुतते आणि माणूस अडून बसतो.

जंगलतोडीची जुनी हातहत्यारे जमवणारे लोक उत्तर अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ आहेत. त्यांतले काही ती भिंतीवर लावतात; काही मात्र त्यांना नवा दांडा बसवून, धार लावून पुन्हा जंगलात नेतात. या दुसऱ्या गटाकडे एक वेगळे ज्ञान जमत जाते. प्रत्येक हत्याराचा आकार हे झाडाच्या किंवा नदीच्या एखाद्या स्वभावावर लोहाराने काढलेले उत्तर असते. ते समजून घ्यायचे तर मूळ प्रश्न समोर असावा लागतो: रस चढलेले खोड, पाण्यात गरगर फिरणारा ओंडका, वाटेवर आडवे पडलेले तीन फूट जाडीचे झाड.

साल सुटण्याचे दिवस

स्पडचा प्रश्न होता हेमलॉकच्या सालीचा. सॉक्रेटिसाने प्यायलेले विष हेमलॉक नावाच्या एका छोट्या रोपाचे. हे हेमलॉक म्हणजे सूचिपर्णी कुळातला उंच वृक्ष. त्याचे लाकूड एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फारसे कोणी विचारत नसे. पाइनची जंगले शिल्लक असताना गाठाळ हेमलॉक कोण घेणार? पण त्याच्या सालीत टॅनीन भरपूर होते. कातडे कमावताना टॅनीन त्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाला घट्ट चिकटते, त्यामुळे कातडे कुजत नाही आणि पाण्यात टिकते. बुटांच्या तळव्यांचे जाड, लालसर चामडे हेमलॉकच्या सालीवरच तयार होई.

साल बोजड आणि कातडी त्या मानाने आटोपशीर, म्हणून धंद्याचा भूगोल उलटा झाला. दक्षिण अमेरिकेतून जहाजाने आलेली कातडी न्यूयॉर्क बंदरातून हडसन नदीमार्गे वर नेली जात आणि तिथून कॅट्सकिल डोंगरातल्या कारखान्यांकडे ओढली जात. साल कातड्याकडे आणण्यापेक्षा कातडे सालीकडे नेणे परवडत होते. झेडॉक प्रॅट नावाचा उद्योजक 1824 मध्ये या डोंगरात आला आणि स्कोहॅरी नदीकाठी त्याने प्रचंड टॅनरी उभारली. तिच्याभोवती प्रॅट्सव्हिल हे गाव वसले. जेमतेम दोन दशकांत आसपासचा हेमलॉक संपला आणि 1840 च्या दशकात टॅनरी बंद पडली. प्रॅटने गावाजवळच्या कड्यावर आपल्या आयुष्यातली चिन्हे कोरून घेतली आहेत. त्यांत हेमलॉकचे झाडही आहे.

साल सोलण्याचा हंगाम ठरलेला असे: साधारण मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. त्यामागे वनस्पतिशास्त्र आहे. साल आणि लाकूड यांच्या मध्ये पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याला ऊतककर किंवा कँबियम म्हणतात. हाच थर आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल घडवतो. हिवाळ्यात तो निद्रिस्त असतो आणि साल लाकडाला करकचून चिकटलेली राहते. वसंतात तो जागा झाला की तिथे कोवळ्या, पातळ भित्तिकांच्या, पाण्याने फुगलेल्या पेशींची दाटी होते. या पेशी सहज फाटतात. मग रात्रभर भिजवलेल्या बदामाची साल बोटांच्या चिमटीत निघावी तशी हेमलॉकची साल मोठाल्या तुकड्यांत सुटते. हंगाम सरला की त्याच झाडावर, त्याच हत्याराने, तासभर झटूनही हाती नुसत्या चिरफळ्या येतात.

कामाची पद्धत ठरून गेलेली होती. एक जण कुऱ्हाडीने खोडाभोवती दर चार फुटांवर खाच पाडत जाई आणि दोन खाचांमध्ये उभी चीर देई. मागून येणारा त्या चिरेत स्पड घालून साल उचले. पात्याचा बाक खोडाच्या गोलाईवरून सरकण्यासाठी आणि गोल कोपरे ओल्या लाकडात न अडकण्यासाठी. चार फूट हे माप आले सालीच्या मोजणीतून. साल ‘कॉर्ड’वर विकली जाई आणि चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब थप्पी, म्हणजे 128 घनफूट, हा एक कॉर्ड. सोललेले तुकडे वाळवून रचून ठेवत आणि बर्फ पडल्यावर घसरगाड्यांवरून टॅनरीत पोहोचवत. साल काढलेली खोडे कित्येक ठिकाणी जंगलातच कुजत पडली.

एवढ्या साध्या लोखंडावर केवढा मोठा व्यवसाय उभा होता, याची एक खूण शेअर बाजाराच्या इतिहासात सापडते. 1893 मध्ये अनेक टॅनऱ्या एकत्र येऊन युनायटेड स्टेट्स लेदर कंपनी स्थापन झाली. मे 1896 मध्ये डाऊ जोन्सचा औद्योगिक निर्देशांक पहिल्यांदा मांडला गेला तेव्हा त्यातल्या 12 कंपन्यांमध्ये ती होती. पण तोवर तिच्या पायाखालची जमीन सरकू लागली होती. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने 1884 मध्ये क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले होते. सालीच्या हौदात महिनोन्‌महिने घेणारे काम क्रोमने काही दिवसांवर आणले. हेमलॉकही संपत आला. स्पड गोठ्यांत आणि अडगळीत जाऊन पडले.

सालीने कातडे कमावण्याची कला मात्र पुरती संपलेली नाही. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या कॉलिटन गावी बेकर कुटुंबाची टॅनरी आजही ओकच्या सालीवर चालते आणि जाड चामड्याला तिथे वर्षाहून अधिक काळ लागतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे शास्त्र अनोळखी नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्यावरच कमावले जाते. त्या चपलेचा टणकपणा आणि तिचा तांबूस-पिवळसर रंग त्याच टॅनीनमधून येतो. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी.

साल सोलण्याचे हातहत्यार आजही मोठ्या उद्योगाच्या केंद्रस्थानी पाहायचे असेल तर पोर्तुगालला जावे लागते. बाटल्यांचे बूच ज्या सालीपासून बनते तो बूच-ओक जिवंत राखून सोलायचा असतो. मेपासून ऑगस्टपर्यंतच्या दिवसांत तिथले कसबी कामगार ‘मशादा’ नावाच्या कुऱ्हाडीने सालीला उभी चीर देतात आणि तिच्या दांड्याच्या पाचरीसारख्या टोकाने बाहेरचा थर उचलून काढतात. घाव एका बोटाने जरी खोल गेला तरी आतली जिवंत साल दुखावते आणि त्या जागी पुढे चांगले बूच येत नाही. झाड साधारण 25 वर्षांचे होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत आणि नंतरच्या दोन सोलण्यांत कायद्याने किमान 9 वर्षांचे अंतर ठेवावे लागते. कोणत्या वर्षी सोलले हे कळावे म्हणून वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने खोडावर लिहिलेला असतो. स्पड आणि मशादा यांची कामे जवळची, पण एक ऊतककराच्या थरापर्यंत सगळी साल उतरवते आणि दुसरी अलीकडेच थांबते. दोघांच्या पात्यांतला फरक समजतो तो इथे.

नदी आणि आकडा

तोडलेले लाकूड गिरणीपर्यंत नेण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे नदी. मेन राज्यातल्या बँगोर शहराच्या वरच्या अंगाला पेनॉबस्कॉट नदी आणि तिच्या शाखांतून हिवाळ्यात तोडलेले ओंडके वसंतातल्या पुरावर सोडले जात. खडकाला एखादा ओंडका अडला की त्याच्यामागे हजारो ओंडके साचून कोंडी होई. ती फोडायला माणसे पाण्यात, ओल्या, फिरत्या ओंडक्यांवर उभी राहत. ओंडका वळवायला त्यांच्याकडे लांब दांडा आणि त्यावर कड्यात अडकवलेला लोखंडी आकडा असे. हा आकडा कड्यात सैल असल्याने चहूकडे हेलकावे खाई. हव्या त्या जागी तो पकडवायला एक हात गुंतवावा लागे, आणि पुराच्या पाण्यात तो हात परवडणारा नव्हता.

1857 च्या सुमारास स्टिलवॉटर गावचा लोहार जोसेफ पीव्ही याने ही अडचण सोडवली. नदीवरच्या पुलावरून खाली चाललेली ओंडकेकऱ्यांची झटापट पाहताना त्याला युक्ती सुचली, असे सांगतात. त्याने दांड्यावर घट्ट बसणारी पट्टी घडवली आणि तिला दोन कान देऊन आकडा त्यांच्यामध्ये खिळवला. आता आकडा फक्त वर-खाली हलू लागला, आडवा डुलेना. दांड्याच्या टोकाला त्याने अणकुचीदार खिळा बसवला, म्हणजे तेच हत्यार टोचायला, रेटायला आणि तोल सावरायलाही उपयोगी पडले. दांडा दाबला की आकड्याचे टोक लाकडात आणखी रुतते. जितका जोर जास्त, तितकी पकड घट्ट. चार-पाच फुटांच्या या तरफेने एकटा माणूस आपल्या वजनाच्या कित्येक पट जड ओंडका वळवू शकतो.

लोहाराचे आडनाव हत्याराला चिकटले आणि इंग्रजी शब्दकोशांत ते ‘पीव्ही’ म्हणूनच नोंदले गेले. त्या नावाची कंपनी मेनमध्ये आजही ही हत्यारे बनवते. नवख्या संग्राहकाचा गोंधळ होतो तो पीव्ही आणि कँट हूक यांच्यात. दोन्हींचा आकडा सारखा दिसतो, फरक टोकाशी. पीव्हीला खिळा असतो, तर कँट हुकाचे टोक बोथट असते आणि त्याला आतून एक लहानसा दात असतो. पीव्ही नदीवरची, कँट हूक गिरणीच्या आवारातला, जिथे खिळ्याने लाकडाला भोके पडलेली कोणाला नको असत. मेनच्या केनेबेक नदीवर ओंडक्यांचा शेवटचा प्रवास 1976 मध्ये झाला. तळाशी साचलेली साल कुजून पाण्यातला प्राणवायू घटत होता आणि नदी स्वच्छ ठेवण्याचा आग्रह वाढला होता. पीव्ही त्यानंतर जमिनीवर आली: लाकडी घरे बांधणारे, छोट्या आरागिरण्या चालवणारे आणि वादळानंतर रस्ते मोकळे करणारे लोक ती रोज वापरतात.

नदीच्या काळातली आणखी एक वस्तू संग्राहकांना फार प्रिय आहे, ती म्हणजे शिक्क्याचा हातोडा. एकाच नदीत अनेक मालकांचे ओंडके एकत्र वाहत. खाली पोहोचल्यावर वाटणी कशी करायची? म्हणून प्रत्येक मालक आपले चिन्ह सरकारी दफ्तरात नोंदवी आणि ते चिन्ह उठावदार कोरलेल्या हातोड्याने ओंडक्याच्या टोकावर ठिकठिकाणी ठोकी. ओंडका पाण्यात कसाही लोळला तरी एखादा ठसा वर दिसे. असा हातोडा मिळाला की त्याचे चिन्ह जुन्या नोंदवह्यांत शोधून मालक, नदी आणि साधारण काळ काढता येतो. लोखंडाच्या एका तुकड्यावरून एवढा इतिहास उलगडावा, असे दुसऱ्या फार थोड्या हत्यारांच्या बाबतीत घडते. भारतात ही पद्धत चालू व्यवहारातली आहे. वनखात्याचे कर्मचारी तोडीच्या झाडांवर आणि डेपोतल्या लाकडावर हातोड्याने ठसा उमटवतात, आणि 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 63 नुसार असा ठसा बनावट करणे किंवा पुसणे हा गुन्हा आहे.

दोघांची करवत

या सगळ्या हत्यारांत सर्वांत सूक्ष्म कारागिरी दोन माणसांनी ओढायच्या लांब करवतीत आहे. उत्तर अमेरिकेत 1880 च्या सुमारापर्यंत उभे झाड पाडायला मुख्यतः कुऱ्हाडच वापरत. करवतीने पाडणे रूढ झाले ते तिच्या दातांत सुधारणा झाल्यावर. साध्या करवतीचे सगळे दात एकसारखे त्रिकोणी असतात. ते रेषे कापतात, पण कापलेला भुसा त्याच चिरेत अडकून बसतो. सुधारित करवतीत दोन तऱ्हेचे दात आले. कापणारे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित झुकवलेले असतात आणि चिरेच्या दोन्ही कडांना लाकडाचे रेषे छेदतात. त्यांच्यामध्ये ठरावीक अंतरावर ‘रेकर’ असतात. त्यांची उंची कापणाऱ्या दातांपेक्षा मिलिमीटरच्या अंशाएवढी कमी. आधीच छेदलेली पट्टी ते तळातून तासून उचलतात आणि शेजारच्या खोल खोबणीतून बाहेर टाकतात. धार बरोबर लागली असेल तर करवतीतून भुशाऐवजी लांबच लांब सळ्या पडतात. रेकर जास्त उंच राहिले तर करवत अडखळते. जास्त खाली गेले तर छेदलेली पट्टी चिरेतच राहते आणि ओढणारे दमतात.

दातांची ठेवण लाकडाप्रमाणे बदलते. मऊ सूचिपर्णी लाकडासाठी ‘लान्स’ पद्धतीचे, म्हणजे चार कापणारे दात आणि एक रेकर. कठीण किंवा गोठलेल्या लाकडासाठी ‘चॅम्पियन’ पद्धतीचे, दोन जाड दात आणि एक रेकर. पाठीवरूनही उपयोग ओळखता येतो. उभे झाड पाडायच्या करवतीची पाठ आत वळलेली असते, त्यामुळे ती हलकी आणि लवचीक होते आणि तिच्यामागे चिरेत पाचर लवकर ठोकता येते. आडव्या खोडाचे तुकडे करायच्या करवतीची पाठ सरळ आणि पाते ताठ असते, कारण ती एकट्यानेही चालवावी लागते.

फिलाडेल्फियाची डिस्टन, मॅसॅच्युसेट्सची सिमंड्स आणि इंडियानापोलिसची अ‍ॅटकिन्स या कंपन्यांच्या जुन्या करवतींना आज मागणी आहे, ती त्यांच्या पात्याच्या घडणीमुळे. उत्तम करवतीचे पाते दातांपाशी जाड आणि पाठीकडे पातळ होत जाते. शिवाय ते अशा कमानीत घासलेले असते की दातांच्या संपूर्ण रांगेत जाडी एकसारखी राहते. त्यामुळे चिरेत पाते घासत नाही आणि दात बाजूला फार झुकवावे लागत नाहीत. कमी लाकूड कापले जाते आणि कमी श्रम पडतात. हे घासकाम करणारी मोठी यंत्रे आणि त्यांवरचे कसबी हात मागणी संपल्यावर नाहीसे झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रकरवतीने जंगल काबीज केले. ऑरेगनच्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 मध्ये लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळून साखळीच्या दाताचा नवा आकार शोधला आणि पुढच्याच वर्षी त्याचा धंदा सुरू झाला. आजच्या यंत्रकरवतींच्या साखळ्या त्याच कल्पनेवर चालतात.

हातकरवतीची गोष्ट तिथेच आटोपली असती. ती वाचवली एका कायद्याने. 3 सप्टेंबर 1964 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाइल्डरनेस अ‍ॅक्टवर सही केली आणि सुमारे 91 लाख एकर जंगल मानवी हस्तक्षेपापासून राखून ठेवले गेले. पुढे हे क्षेत्र 11 कोटी एकरांच्या वर गेले. या क्षेत्रात इंजिनावर चालणारी साधने वापरायला मनाई आहे, अपवाद फक्त आणीबाणीसारख्या प्रसंगांचा. पण झाडे तर दर हिवाळ्यात पायवाटांवर पडतातच. ती कापायला अमेरिकन वनसेवेला जुन्या करवती शोधाव्या लागल्या, आणि करवती सापडल्यावर कळले की त्यांना धार लावणारी माणसे जवळपास संपली आहेत. आयडाहोच्या जंगलात काम करणाऱ्या वॉरन मिलरने ही विद्या जुन्या जाणत्यांकडून आणि स्वतःच्या अनुभवातून गोळा केली. त्याने लिहिलेली ‘क्रॉसकट सॉ मॅन्युअल’ ही छोटी पुस्तिका वनसेवेने 1977 मध्ये काढली. दात एका पातळीत आणणे, रेकर खाली घेणे, कानशीने धार देणे, हातोडी आणि लहान ऐरणीवर दात झुकवणे असा तिचा क्रम आहे, आणि आजही धार लावणारे तोच पाळतात. वनसेवेसाठी हातकरवत चालवायची तर प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. करवत ओढायचीच असते, ढकलायची नसते, हा पहिल्या दिवसाचा धडा. ढकलले की पातळ पाते वाकून चिरेत अडकते. समोरच्याची ओढ चालू असताना आपला हात नुसता सोबत न्यायचा, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

गंज, पाणी आणि दांडा

अशा वस्तू जमवण्यामागे अभ्यासाची दृष्टी आणणाऱ्यांत हेन्री मर्सर या पेनसिल्व्हेनियाच्या पुरातत्त्वज्ञाचे नाव आधी घ्यावे लागते. 1897 मध्ये जुने चिमटे शोधायला तो एका भंगारवाल्याकडे गेला आणि टाकून दिलेल्या हत्यारांचा ढीग पाहून त्याच्या लक्षात आले की, यंत्रांपूर्वीच्या अमेरिकेचा इतिहास इथे वितळवायला निघाला आहे. त्याने हजारो वस्तू जमवल्या आणि 1916 मध्ये डॉइल्सटाउन इथे त्यांच्यासाठी काँक्रीटचे सहा-सात मजली संग्रहालय बांधले. जुन्या सुतारकामाच्या हत्यारांवरचा त्याचा 1929 चा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो. 1933 मध्ये स्थापन झालेली ‘अर्ली अमेरिकन इंडस्ट्रीज असोसिएशन’ ही संस्था संग्राहकांना एकत्र आणते आणि आपल्या नियतकालिकातून ओळख न पटलेल्या हत्यारांचा माग काढते. मेनमधल्या पॅटन आणि ब्रॅडली या गावांतली लाकूडतोडीची संग्रहालये तर खास याच विषयाला वाहिलेली आहेत.

वापरासाठी घ्यायचे हत्यार आणि मांडणीसाठी घ्यायचे हत्यार यांची पारख वेगळी असते. करवतीत आधी पाहायचे ते दात किती शिल्लक आहेत आणि पाते सरळ आहे का. दातांच्या खोबणीत बारीक तडा असेल तर ती करवत भिंतीवरच शोभते. गंजाचा पातळ थर चालतो. दातांच्या टोकाशी गंजाने खड्डे पाडले असतील तर धार टिकत नाही. रॉकेल आणि प्युमिस दगडाने गंज हळूहळू घासून काढावा. विजेवर फिरणारी चकती लावली की पात्यावर आम्लाने कोरलेले कंपनीचे नाव पुसते आणि घर्षणाने पाते तापून वाकते. एके काळी अशा कितीतरी चांगल्या करवतींवर डोंगर-झोपडीची चित्रे रंगवून त्या दिवाणखान्यात लावल्या गेल्या. आज वनवाटांवर काम करणाऱ्यांना त्याच करवती हव्या आहेत.

कुऱ्हाडीच्या बाबतीत मोठा शत्रू उष्णता. पात्याला लोहाराने दिलेले पाणी, म्हणजे तापवून, बुडवून, पुन्हा बेताने तापवून साधलेला कठीणपणा, हीच तिची खरी किंमत. विजेच्या सहाणेवर धार लावताना पोलादावर आधी गवती पिवळा रंग चढतो आणि 300 अंश सेल्सियसच्या आसपास निळा. निळा रंग दिसला की तिथले पाणी उतरले, आणि ती धार पुन्हा कितीही लावली तरी टिकत नाही. म्हणून कानस आणि पाण्याचा दगड. अमेरिकन वनसेवेने 1999 मध्ये कुऱ्हाडीवर काढलेल्या पुस्तिकेतही हाताने कानस चालवण्यावर भर आहे. लाकूडतोड्यांच्या दुधारी कुऱ्हाडीची एक धार बारीक आणि दुसरी जाड असे: बारीक धार स्वच्छ लाकडासाठी, जाड धार गाठींसाठी आणि मातीजवळच्या घावांसाठी. संग्राहकाने दोन्ही धारा सारख्याच बारीक केल्या तर त्या कुऱ्हाडीची अर्धी ओळख पुसली जाते.

जुना दांडा क्वचितच मूळचा असतो. दांडे मोडत आणि बदलले जात. अमेरिकेत दांड्यासाठी हिकरी, सह्याद्रीच्या आसपास धामण; दोन्ही लाकडे धक्का सोसून लवतात, तडकत नाहीत. नवा दांडा निवडताना त्याच्या टोकाकडून रेषे पाहावे. ते पात्याच्या रेषेत उभे असावे, आडवे नसावे, आणि दांड्याच्या लांबीभर बाहेर फुटू नयेत. नेढ्यात तो पाचर मारून बसवायचा आणि वर जवसाचे तेल चोळायचे. इथे एक इशारा गांभीर्याने घ्यायला हवा. उकळलेल्या जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून टाकली तर तेल हवेशी संयोग पावताना तापते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

स्पडला एवढी निगा लागत नाही, आणि म्हणूनच नवख्याने सुरुवात त्याच्यापासून करावी असे अनुभवी लोक सांगतात. लाकडी ओंडक्यांची घरे बांधणारे आजही स्पड वापरतात. मोटारीच्या जुन्या कमानपट्ट्यांपासून नवे स्पड घडवणारे लोहारही आहेत. साल तशीच ठेवली तर तिच्याखाली ओल आणि किडे राहतात, म्हणून ती काढावीच लागते. वसंतात तोडलेल्या झाडाची साल स्पडने काही मिनिटांत उतरते आणि खाली गुळगुळीत, ओलसर लाकूड दिसते. हिवाळ्यात तोडलेल्या झाडाला मात्र स्पड निरुपयोगी. तिथे दोन्ही टोकांना मुठी असलेले, अंगाकडे ओढायचे ड्रॉनाइफ लागते आणि त्याच्या तासणीचे लहान-लहान सपाट पट्टे भिंतीवर कायम राहतात. जुन्या लाकडी घराच्या ओंडक्यांवर असे पट्टे दिसले की झाड बहुधा थंडीत तोडले होते, हे त्यावरून ओळखता येते.

वापरणाऱ्या संग्राहकाने हत्यारासोबत माहितीही सांभाळायची असते. कोणत्या गावात मिळाले, कोणाच्या गोठ्यातून, दांडा मूळचा की बदललेला, ठसा कुठे आहे आणि काय दुरुस्ती केली, हे लिहून ठेवले तर पुढे अभ्यासकाला उपयोगी पडते. करवतीच्या बाबतीत या चिठ्ठीत आणखी काही गोष्टी असाव्यात: ती कोणत्या लाकडासाठी लावली आहे, कापणारे दात किती झुकवले, रेकर किती खाली घेतले आणि धार शेवटची केव्हा लावली. अशी चिठ्ठी जोडलेली करवत दुसऱ्याच्या हातात गेली की त्याला तिची धार पहिल्यापासून शोधत बसावे लागत नाही. पहिली सळी पाहून रेकर अजून थोडा खाली हवा की नको, एवढेच ठरवायचे उरते.